गोलमटोल माणसाचं कुपोषण

कुपोषण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमची ताई उभी राहायची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, आणि अंगावर मांस शपथेपुरतं. जन्मापासूनच काडीपैलवान. शाळेत खेळ शिकवायची. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी अजून सायकलवरून बाजारात जाते आणि जिना चढताना कायम माझ्या पुढे असते. वर पोचून, कुलूप उघडून, पंखा लावून मग कठड्यावरून खाली वाकते आणि विचारते, "भोपळ्या, येतोयस की उचलायला कुणाला पाठवू?"

भोपळ्या म्हणजे मी. वय त्र्याहत्तर. हे नाव तिनं मला मी पाळण्यात असताना दिलं आणि मी त्याला आयुष्यभर इमानेइतबारे जागलो. माझं लग्न जमलं नाही, तिचं जमून मोडलं, आणि आईवडील गेल्यावर आम्ही दोघं दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत एकत्र राहू लागलो. ती व्यायाम करते, मी तिच्या व्यायामाकडे बघतो. अशी कामाची वाटणी आहे.

कामाचं निघालंच आहे तर सांगतो. मी आयुष्यभर कवळ्या केल्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, आणि मी माझ्या एका खोलीच्या कारखान्यात त्या मापावर मेण चढवून, त्यात एकेक दात रोवून, पुढची सगळी उठाठेव करून चकचकीत बत्तिशी परत पाठवायचो. रस्त्यात कुणी माझ्याकडे बघून हसलं तर मला तो माणूस दिसायचाच नाही, नुसते दात दिसायचे. आपलं काम दिसलं की छाती फुगायची. दुसऱ्याचं दिसलं की त्याहून जास्त फुगायची.

तर मागच्या वर्षी मी डोळ्यांत घालायचे थेंब आणायला दवाखान्यात गेलो होतो. नंबर लागायला वेळ होता आणि समोरच्या भिंतीवर एक भलंमोठं पोस्टर होतं. 'तुमच्या घरातल्या ज्येष्ठांकडे लक्ष आहे ना?' खाली प्रश्न. कपडे सैल झालेत का? अंगठी, घड्याळ, कवळी ढिली झालीय का? पूर्वीसारखं जेवण जातं का? चालताना दम लागतो का? मी सगळं मन लावून वाचलं. वाचताना चष्मा सारखा करायला हात वर केला की माझं घड्याळ मनगटावरून थेट कोपराकडे घरंगळत होतं. पट्टा जुना, चामडं ताणतंच, असं माझं मत होतं. पँट खाली येऊ नये म्हणून मी त्याच महिन्यात गॅलिस घेतले होते. त्यात मी रुबाबदार दिसतो, असंही माझं मत होतं.

पोस्टर वाचून मला दोन गोष्टी प्रकर्षानं जाणवल्या. एक म्हणजे चित्रातली वरची कवळी उलटी काढली होती. ते मी उठून काउंटरवरच्या बाईंना दाखवून आलो. दुसरी म्हणजे आमच्या ताईचं कुपोषण झालंय.

आहारतज्ज्ञ घरी येऊन तपासतील, असं पोस्टरच्या तळाशी लिहिलं होतं. मी तिथल्या तिथं ताईचं नाव देऊन टाकलं.

"मला तपासायला?" ताई उखडली. ती गॅलरीत सायकलच्या साखळीला तेल घालत होती. "अरे, काल मी पुलाचा चढ एकदाही न उतरता चढले."

"ताई, तुझी हाडं मोजता येतील."

"मग मोज. तेवढाच तुला उद्योग."

"काळजी वाटते म्हणून बोलतो."

"तुला काळजी वाटायला लागली की मला धडकी भरते," ती म्हणाली आणि तेलाचा हात माझ्या गॅलिसला पुसला.

आहारतज्ज्ञ बाई आल्या त्या पाठीवर सॅक आणि काखेत वजनकाटा घेऊन. पस्तिशीच्या असतील. चपला दारात काढायच्या आत त्यांनी घरातल्या सगळ्या डब्यांवरून नजर फिरवली होती. ताईला मावशी म्हणाल्या, मला काका म्हणाल्या, आणि काटा जमिनीवर ठेवून "या मावशी" म्हणाल्या.

"आधी याला उभं करा," ताई म्हणाली. "म्हणजे काटा भक्कम आहे का ते कळेल."

मी खिलाडूपणे उभा राहिलो. बाईंनी आकडा बघितला, मग मोबाईलमध्ये काहीतरी शोधलं. आदल्या वर्षी खोकल्यासाठी गेलो होतो तेव्हाचं माझं वजन दवाखान्याकडे होतं.

"काका, अकरा किलो उतरलंय तुमचं."

मी ताईकडे वळलो. असा विजयाचा क्षण आमच्या घरात मला क्वचितच मिळतो. "ऐकलंस? अकरा किलो! आणि ही पंखे लावत फिरते."

"कशानं उतरलं?" बाईंनी विचारलं.

"मनोनिग्रहानं," मी म्हणालो.

बाईंनी अभिनंदन केलं नाही. त्यांनी टेप काढली आणि माझ्या पोटरीभोवती गुंडाळली. मग पंजाची ताकद मोजायचा एक दांडा हातात देऊन म्हणाल्या, "जोरात दाबा." मी दाबला.

"दाबा ना, काका."

"दाबतोय की!"

बाईंनी आकडा टिपून घेतला. मग ताईचं वजन झालं, पोटरी झाली, आणि तो दांडा ताईच्या हातात गेला. ताईनं असा काही दाबला की बाई म्हणाल्या, "बस बस, मावशी, सरकारी आहे तो."

यानंतर मी काय काय खातो याची चौकशी झाली. मी ऐसपैस उत्तर दिलं. सकाळी चहात बुडवून टोस्ट. अकराला चहात बुडवून बिस्किट. दुपारी सूप. मग केळं. संध्याकाळी परत बिस्किट. रात्री सूप, कधी त्यात पाव कुस्करून. सांगता सांगता मलाच वाटायला लागलं की या माणसाच्या खाण्यात सगळं पातळ आहे, नाहीतर बुडवलेलं. पण बोलायला लागलो की मी थांबत नाही.

"मावशी ठणठणीत आहेत," बाई म्हणाल्या. "वजन तीस वर्षं आहे तसंच आहे, भूक चांगली, ताकद चांगली. त्यांची चण बारीक, एवढंच. काळजी तुमची आहे, काका."

"माझी?" मी पोटावर हात ठेवला. पोट साक्षीला हजर होतंच.

"पोट बघू नका. तुमच्या अंगात पुरेसं जात नाहीये, म्हणून शरीर मांसावर भागवतंय. चरबी तशीच राहते आणि दंड, मांड्या, पोटऱ्या झिजतात. चूल पेटती राहावी म्हणून घरातली खुर्च्या-टेबलं जाळल्यासारखं आहे हे. बाहेरून घर मोठंच दिसतं. आतून रिकामं होत जातं."

ताई माझ्याकडे बघत होती. कुणी अवघड उडी मारणार असेल तेव्हा ती बघते, तसं.

"दातांचं काय?" बाईंनी विचारलं. "चावता येतंय ना नीट?"

"बाई," मी म्हणालो, "दातांबद्दल मला विचारायचं नाही. या गावात अर्धे लोक माझ्या दातांनी जेवतात."

हे वाक्य मला आजही आवडतं. एवढंच, की दुसऱ्यांच्या जेवणाबद्दलचं ते वाक्य होतं.

पुढे डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले, दुसरं काही लपलेलं दुखणं नाही याची खात्री केली आणि आहारतज्ज्ञ बाईंच्या सल्ल्याप्रमाणे वागायला सांगितलं. सल्ला असा. सुपात अंडं फेटून घालायचं, लोणी घालायचं, दुधात दुधाची पूड कालवायची. आणि दिवसातून दोनदा, दोन जेवणांच्या मधे, एक छोटी बाटली प्यायची. म्हाताऱ्या, अशक्त माणसांसाठी असते ती. दाट दुधासारखं पेय, त्यात सगळं सत्त्व कोंबून भरलेलं. "जेवणाऐवजी नाही हं काका. जेवण करून शिवाय हे. आणि घोट घोट, सावकाश."

बाटल्यांचं खोकं घरी आलं. बाटली माझ्या तळहातात मावेल एवढी. हिला काय घोट घोट प्यायची, असं म्हणून मी पहिली बाटली उभ्या उभ्या एका दमात रिचवली. सावकाश का म्हणाल्या होत्या ते मला पुढच्या अर्ध्या तासात पोटानं समजावून दिलं. मी संडासातून बाहेर यायचो, खुर्चीत टेकायचो आणि परत उठायचो. ताईनं एवढंच म्हटलं, "चला, शेवटी व्यायाम झाला."

त्यानंतर माझं आणि बाटलीचं बिनसलं. खरं कारण पोट नव्हतं. ती फ्रिजमध्ये समोरच उभी असायची आणि दार उघडलं की मला म्हातारा म्हणायची. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं म्हातारपण दुरुस्त केलेलं. माझ्याकडे माणसं बोळकं घेऊन यायची आणि हसत जायची. आणि आता मला कुणीतरी बाटलीनं दूध पाजणार? शिवाय मनात ते होतंच, की बाईंचं काहीतरी चुकलंय. अशक्त कोण दिसतं? तुम्हीच सांगा, आम्हा दोघांना शेजारी उभं केलं तर बाटली कुणाला द्याल?

मी ती ताईला दिली. म्हणजे ताईला न सांगता दिली. घरात कॉफी करायचं काम माझं. सकाळी आणि दुपारी तिच्या कॉफीत दुधाऐवजी मी बाटली ओतायला लागलो. रिकामी बाटली धुऊन ओट्यावर दिसेल अशी ठेवायची, म्हणजे मी प्यायलो याचा पुरावा.

"कॉफी बदललीस का?" तिनं विचारलं.

"का, वाईट आहे?"

"छे. दाट आहे. अजून आहे का?"

आपण एका दगडात दोन पक्षी मारतोय या समाधानात मी महिना काढला. बहिणीची सेवा होतेय, आपली इभ्रत राहतेय. जिना मात्र लांबत चालला होता. पहिल्या मजल्यावर मी थांबून शेजाऱ्यांच्या कुंडीतली झाडं बघायला लागलो. इतकी बघितली की शेजारच्या बाईंना वाटलं मला बागकामाची आवड आहे, आणि त्यांनी मला एक कलम दिलं.

महिन्यानं आहारतज्ज्ञ बाई परत आल्या. मी काट्यावर उभा राहिलो. आणखी दीड किलो कमी.

"बाटल्या घेताय ना, काका?"

"रोज दोन संपतात," मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं.

बाई विचारात पडल्या. मग सहज म्हणाल्या, "मावशी, तुम्हीही या बरं." ताई काट्यावर चढली. बाईंनी आकडा बघितला. काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला. ताई परत चढली.

"मावशी, तुमचं तीन किलो वाढलंय."

तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते महिन्यात झालं होतं. बाईंनी ओट्यावरच्या धुतलेल्या बाटल्यांकडे बघितलं. ताईनं हातातल्या कॉफीच्या कपाकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. कलम छान वाढत होतं.

"भोपळ्या," ताई म्हणाली.

मला वाटलं ती आता ओरडेल. शाळेचं मैदान गाजवणारा आवाज आहे तिचा. मी मान खाली घालून तयार झालो. पण ती ओरडली नाही, हेच वाईट झालं. तिनं कप खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे. आधी जायचा नंबर माझा. तू रांग मोडून पुढे घुसायचं नाहीस. मला चालणार नाही ते."

मी म्हणालो, "मला वाटलं, तुला गरज आहे."

"मला गरज तुझी आहे, गाढवा. कॉफी कोण करेल?"

बाई चेहरा वळवून सॅकची चेन लावत बसल्या. ती चेन बराच वेळ लागत नव्हती.

त्या गेल्यावर ताईनं सफरचंद कापलं आणि फोड माझ्यासमोर धरली. "खा. माझ्यासमोर."

"आत्ता भूक नाही."

"मी भूक विचारली नाही. खा म्हटलं."

मी फोड तोंडात घातली आणि चावलो. वरची कवळी खाली आली, खालची डावीकडे गेली आणि सफरचंद होतं तिथंच राहिलं. मी परत चावलो. टकटक असा आवाज झाला. शेवटी मी ती फोड हातात काढून घेतली. तिच्यावर दातांचा साधा ओरखडाही नव्हता.

"किती दिवस?" ताईनं विचारलं.

आता कबूल करायलाच हवं होतं. दिवस नव्हे, दोन वर्षं. ही कवळी मी स्वतः केलेली, माझ्या स्वतःच्या तोंडासाठी, कारखाना बंद करताना. माझ्या हातचं शेवटचं काम आणि सगळ्यांत देखणं. एकेक दात मी स्वतःच्या जुन्या फोटोवरून बसवला होता. हिरड्या वयानं आटतात, कवळी सैल पडते, ती मधूनमधून दाखवून घ्यावी लागते, हे मी शेकडो लोकांना बजावून सांगितलेलं. स्वतःच्या हिरड्या मात्र आटणार नाहीत असं मी का धरून चाललो, कोण जाणे. बहुधा त्या माझ्या हिरड्या होत्या म्हणून. कणीस सुटलं, मग गाजर सुटलं, मग मांस, मग पावाची कड. प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगत गेलो की हल्ली आपल्याला हे आवडत नाही. असं करत करत मी सुपापर्यंत पोचलो आणि त्याला मनोनिग्रह असं नाव दिलं.

"मग नवी कर," ताई म्हणाली.

"करतो की! आठ दिवसांत करून दाखवतो."

माळ्यावरून माझी पेटी खाली आली. मेण होतं, दातांचे जुने संच होते, माप घ्यायची पूड होती. पूड पाण्यात कालवली, तोंडाच्या आकाराच्या पत्र्याच्या साच्यात भरली आणि वरच्या हिरडीवर दाबून धरली. पूड इतकी जुनी होती की घट्ट व्हायच्या ऐवजी ती दगड झाली. साचा निघेना. मी खुणा केल्या. ताईनं माझ्या खुर्चीला पाय लावला, साच्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि शाळेतल्या रस्सीखेचीसारखं ओरडली, "एक, दोन, खेच!" साचा निघाला. ताई सोफ्यावर जाऊन पडली आणि मी माझं तोंड जागेवर आहे का ते चाचपत बसलो.

तरी मी सोडलं नाही. दुसरी पूड मागवली, माप घेतलं, मेण चढवलं आणि दात रोवायला बसलो. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू आणि हाताला थरथर. ज्या हातांनी कधी ओळ चुकवली नाही ते हात दात धरायचे, आणि दात वेगळ्याच ठिकाणी जाऊन बसायचा. तीन दिवस खपलो. चौथ्या दिवशी ती वस्तू मी ताईसमोर ठेवली.

ताईनं ती फिरवून फिरवून बघितली. "ही हसतेय की रडतेय?"

मी पेटी बंद केली. तेव्हा ताईनं तो विषय काढला जो आमच्या घरात कुणी काढत नाही. "आपण सोनदात्याकडे जाऊ."

सोनदात्या म्हणजे माझ्या कारखान्यासमोरचा दुसरा कवळीवाला. तरुणपणी त्यानं जाहिरात म्हणून स्वतःच्या पुढच्या दाताला सोन्याची टोपी चढवली होती, त्यावरून हे नाव मीच पाडलं. उभी हयात आम्ही समोरासमोर बसून काम केलं आणि एकमेकांशी थेट कधी बोललो नाही. जे बोलायचं ते गिऱ्हाइकांमार्फत. त्याची कवळी घातलेला माणूस दिसला की मी आवर्जून विचारायचो, "जेवताना काढून ठेवता ना?" माझी घातलेला दिसला की तो म्हणायचा, "सुंदर. फोटोपुरती छान आहे." आता त्याची मुलगी तिथंच दातांची डॉक्टर होऊन बसली होती, आणि तो मागच्या खोलीत अजून थोडंफार काम करायचा.

"मेलो तरी जाणार नाही," मी म्हणालो.

"तेच टाळायला चाललोय," ताई म्हणाली आणि माझा दंड धरून जिना उतरू लागली. दंड धरल्यावर तिची बोटं एकमेकांना भिडली. तिला ते कळलं, मलाही कळलं. मग मी आढेवेढे घेतले नाहीत.

डॉक्टर मुलगी गोड बोलायची. "काका, ही कवळी किती वर्षांची?"

"चौदा."

"आणि गिऱ्हाइकांना किती वर्षांनी दाखवायला या म्हणायचात?"

"त्यापेक्षा बरंच आधी," मी पुटपुटलो.

तिनं दोन्ही कवळ्या काढून घेतल्या, उजेडात धरल्या आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "बाबा, जरा बघता?"

त्या खुर्चीत मी बोळकं घेऊन बसलो होतो. वर दिवा, गळ्यात कागदाचा रुमाल, पाय अधांतरी. आणि सोनदात्या आला. डोक्यावर भिंग सरकवलेलं, अंगावर प्लास्टरचा पांढरा बुरा. माणूस पार वाळला होता. मला आठवत होता त्याच्या निम्मा. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या कवळीकडे बघितलं. भिंग खाली ओढून त्यानं ती इतका वेळ न्याहाळली की मी डोळे मिटून घेतले. आयुष्यभर ज्या वाक्याची तो वाट बघत होता ते आता येणार, आणि उत्तर द्यायला माझ्या तोंडात दात नव्हते.

"काम एक नंबर आहे," सोनदात्या म्हणाला. "तोंड बदललंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिवा फार प्रखर होता.

"फक्त पुढचे दात जरा जास्तच पांढरे घेतलेस," तो पुढे म्हणाला. "मिरवायची सवय तुला पहिल्यापासून."

तेव्हा मला बरं वाटलं.

नवी कवळी व्हायला काही आठवडे लागणार होते. तोवर जुनीला आतून मऊ अस्तर लावून दिलं. ताईनं माझ्या बाटल्यांचा विषय बाहेर काढला असणार, कारण मी निघालो तर सोनदात्यानं मला आत बोलावलं आणि छोट्या फ्रिजमधून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. त्याच बाटल्या! दोन वर्षांपूर्वी त्याच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून त्याला त्या सुरू होत्या. आता एकच उरली होती दिवसाला.

"तू कशी पितोस?" त्यानं विचारलं.

"प्यायलोय कुठे," मी म्हणालो. "एकदाच प्यायलो. मग पळालो." आणि ताईच्या कॉफीचं सगळं सांगितलं. सोनदात्या इतका हसला की खालची कवळी त्याला हातानं धरावी लागली. त्याचीसुद्धा सैल होती! हे बघून मला जे समाधान झालं ते कुठल्याही बाटलीतून मिळणार नाही.

"प्यायची नसते ती," डोळे पुसत तो म्हणाला. "काम करताना शेजारी ठेवायची. एक घोट घ्यायचा आणि विसरून जायचं. आठवलं की परत एक. ही घे, स्ट्रॉबेरी."

"शी! औषधासारखी लागते. कॉफीची घ्यावी माणसानं."

"कॉफीची? जळका रबर."

अशा रीतीनं आमचं बोलणं सुरू झालं. मी रोज दुपारी माझी बाटली घेऊन त्याच्याकडे जायला लागलो. तो काम करायचा, मी त्याच्या चुका दाखवायचो, आणि भांडता भांडता बाटली कधी संपायची कळायचं नाही. पोटानं एकदाही तक्रार केली नाही. अंडं घातलेलं सूप, लोणी, दुधाची पूड हे घरी चालूच होतं, त्यावर ताईचा पहारा होता. तिनं माझ्यासाठी व्यायामही ठरवून दिला. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. पहिल्या दिवशी मी उठलोच नाही. नुसता उठायचा विचार केला आणि घामाघूम झालो.

नवी कवळी बसली त्या दिवशी ताईनं मोठं भाजलेलं कणीस माझ्या ताटात ठेवलं. जेवणाच्या टेबलाशी ताई कधी पाच मिनिटांच्या वर बसत नाही. त्या दिवशी समोर बसून राहिली. मला ते कणीस खायला किती वेळ लागला विचारू नका, निम्म्यात गार झालं. पण प्रत्येक दाणा दातांखाली फुटत होता आणि मला त्याचा आवाज ऐकू येत होता. दाणे संपल्यावर मी उघडा बुरकुंडा ताटात ठेवला. ताईनं तो उचलला, चष्मा लावून चहूबाजूंनी तपासला आणि परत माझ्यापुढे धरला.

"एक राहिलाय," ती म्हणाली.

वजन एका झटक्यात परत आलं नाही. पण आलं. चार किलो आल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी माझी पोटरी मोजली आणि टेप हातात धरूनच टाळ्या वाजवल्या. दांडा दाबल्यावर त्यांनी "सरकारी आहे" असं मात्र म्हटलं नाही. तेवढं अजून बाकी आहे. ताईचे तीन किलो मात्र तिच्या अंगावरच राहिले. कमी करू म्हणते, आणि थंडी कमी वाजते म्हणून ठेवून घेते.

मग बाईंनी आम्हाला कामाला लावलं. दवाखान्याच्या हॉलमध्ये ज्येष्ठांची बैठक होती, त्यात मी आणि सोनदात्यानं चार शब्द बोलावेत. मी तयारी करून गेलो. जाड माणूसही आतून झिजू शकतो, सैल कवळी हसण्यावारी नेऊ नये, बाटली सावकाश प्यावी, असं सगळं मुद्देसूद ठरवलं होतं. उभा राहिलो, घसा खाकरला, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या आजींनी हात वर केला.

"ते सगळं ठीक आहे हो. चव कुठली घ्यावी तेवढं सांगा."

"कॉफी," मी म्हणालो.

"स्ट्रॉबेरी," सोनदात्या म्हणाला, त्याच क्षणी.

पुढची पंधरा मिनिटं माझं भाषण झालंच नाही. आम्ही दोघं माईक एकमेकांच्या हातातून ओढत होतो. जळका रबर निघाला, औषध निघालं, मग जुनी गिऱ्हाइकं निघाली. लोक पोट धरून हसत होते. ताई मागच्या रांगेत कपाळाला हात लावून बसली होती. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी माईक काढून घेतला, तिन्ही चवींच्या बाटल्या फोडल्या, छोट्या कपांतून सगळ्यांना दिल्या आणि हात वर करून मत द्यायला सांगितलं.

व्हॅनिला निवडून आली. प्रचंड बहुमतानं.

आम्ही दोघं गुपचूप खाली येऊन बसलो. "लोकांना चवीतलं काही कळत नाही," सोनदात्या माझ्या कानाशी म्हणाला.

"अजिबात नाही," मी म्हणालो आणि व्हॅनिलाचा उरलेला कप उचलला.